मोतीरामदादांच्या गाण्यातला मी

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं त्यात थोडा माझाही हात होता, असं मी त्या वर्षी हैदराबाद शहरात नल्लकुंट्यातल्या एका घरी सांगून बसलो होतो. घर वकीलसाहेबांचं, आणि त्यांची मुलगी मालती मला फार आवडायची. मी गौलीगुड्यात खोली घेऊन राहणारा कारकून. दाखवायला पराक्रमाशिवाय काही नव्हतं. (पराक्रमही नव्हता, पण सांगायला काय जातं?) आदिलाबादच्या रानात रझाकारांना एकट्याने तीन दिवस झुलवलं, असं ठोकून दिलं होतं!

तेवढ्यात एका फिल्मवाल्या साहेबांनी आमच्या गावाकडचे मोतीरामदादा शहरात आणले. दादा परधान, म्हणजे गोंडांचे पिढीजात गायक. त्यांनी आपली जीवनकहाणी तारांची किंगरी वाजवत गायची आणि साहेबांनी तिची फिल्म काढायची. दुभाष्या मी. माझ्या डोक्यात किडा वळवळला. दादांना म्हटलं, गोंडी राहू द्या, मराठीत गा, आणि रझाकारांच्या वेळच्या त्या तीन दिवसांत माझंही नाव येऊ द्या.

"पाटील, किंगरी हातात आली की मी पाहिलेलंच गातो," दादा म्हणाले. "चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

नेमकं ते कडवं मी साहेबांचा चहा आणायला गेलो तेव्हा गाऊन झालं.

फिल्म शाळेच्या मैदानात चादरीवर दाखवली. वकीलसाहेबांच्या घरच्यांना मीच आग्रहाने पुढे बसवलं. दादांचं पोरकं बालपण ऐकून लोक डोळे पुसत होते. मग माझं नाव आलं. मी कॉलर नीट केली.

दादा गात होते: लांब धूळ दिसली, पाटलाचा पोरगा पळाला, माझ्या ज्वारीच्या कणगीत शिरला, तीन दिवस हूं की चूं केलं नाही, आणि धूळ होती म्हशींची! शेवटची ओळ दोघा साथीदारांनी तीनतीनदा घोळवली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालती पदर तोंडाला लावून हसत होती. वकिलीणबाई म्हणाल्या, पोरगा हौला, अगदीच खुळा दिसतोय. गेलं लग्न, म्हणून मी निघालो, तर वकीलसाहेबांनी उलटतपासणीला उभं केलं.

"तीन दिवस एका जागी बसलात?"

"हो."

"तोंडातून शब्द न काढता?"

"हो."

ते बाईंकडे वळले. "ऐकलंस? आपल्या मालतीला असाच नवरा पाहिजे."

लग्न झालं. तो निकाल आजही आमच्या घरात लागू आहे, आणि अपील करायची माझ्यात हिंमत नाही.