शांत समुद्रकिनारा आणि आम्ही एकोणीस जण

आमच्या आईने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि यात दोष समुद्राचा आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. इंदूरपासून इतक्या लांब राहायला त्याला सांगितलं होतं कोणी? आईचं माहेर देवासचं, सासर इंदूरचं. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे त्यांनी तिला धार दाखवलं, उज्जैन दाखवलं, एकदा (वरिष्ठांशी भांडण झाल्यामुळे) झाबुआही दाखवलं. समुद्र तेवढा राहिला. मग वडील गेले आणि ते काम वारसाहक्काने माझ्याकडे आलं. मी ते नऊ वर्षं अगदी जपून ठेवलं.

मागच्या दिवाळीनंतर आईचे गुडघे फारच कुरकुरायला लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लांबचा प्रवास करवायचा असेल तर या हिवाळ्यातच करवा. पुढचं मी सांगू शकत नाही." तसाच घरी आलो. मी चप्पल न काढताच आईसमोर उभा राहिलो.

"आई, बोल. समुद्राला जायचं ना?"

"जायचंय की. पण ती गर्दी, ते घोडे, ते फुगेवाले नकोत रे बाबा. शांत पाहिजे आणि साफ पाहिजे. एक घंटा मला समुद्राच्या समोर आरामसे बसू द्या, बस. दुसरं काही नको."

एक घंटा! एवढीच मागणी! मी तिथल्या तिथे शब्द दिला. (शब्द देण्यात मी कधीच मागे राहिलेलो नाही.)

किनारा शोधून दिला आमच्या ऑफिसातल्या केळकरने. हा दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेला, मूळचा कोकणातला, आणि पोह्यांवर शेव घातलेली पाहून अजूनही नजर वळवणारा गृहस्थ. त्याची मावशी समुद्रकाठच्या एका खेड्यात पाहुण्यांना खोल्या देते. "लांबच लांब वाळू, आणि माणूस नाही," केळकर हळू आवाजात म्हणाला. "पण एक अट आहे. कुणालाही सांगायचं नाही. एकदा बभ्रा झाला की संपलं." मी गळ्याची शपथ घेतली. (गावाचं नाव मी इथेही सांगणार नाही. एकदा सांगून काय झालं, तेच सांगायला बसलोय.)

आता इंदूरचा एक रिवाज समजून घ्या, नाहीतर माझ्याबद्दल गैरसमज होईल. आमच्याकडे कुठे जाताय असं कोणी विचारलं, की जागेचं नाव सांगून लगेच "आप भी चलो" म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरतो. समोरच्याने मग "अरे नहीं नहीं, आप हो आओ" म्हणायचं. आपण आणखी दोनदा आग्रह करायचा, त्याने आणखी दोनदा नाही म्हणायचं, आणि विषय संपवून दोघांनी चहा प्यायचा. तीस वर्षं मी राजेंद्र नगरातल्या प्रत्येक माणसाला ओंकारेश्वरपासून माझ्या सासुरवाडीपर्यंत सगळीकडे बोलावत आलो आहे. एकही आला नाही!

तर मी गॅलरीत उभा राहून, समुद्रासाठी घेतलेली गवती टोपी घालून बघत होतो. खाली शेजारचे चौरसियाजी स्कूटर धूत होते.

"कां जा रिये हो भिया, टोपी-वोपी लगा के?"

"कहीं नहीं, बस, मम्मी को समंदर दिखाने."

"समंदर! कौन सा वाला?"

"एकदम शांत वाला! चिड़िया का बच्चा नहीं मिलेगा वहाँ! आप भी चलो!"

चौरसियाजींनी नळ बंद केला. वर पाहिलं. आणि तीस वर्षांचा रिवाज मोडून म्हणाले, "कित्ते बजे निकलना है?"

आत आलो तर मेधा, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुम्ही त्यांना बोलावलंत?"

"मी कुठे बोलावलं? मी फक्त 'चलो' म्हणालो!"

"मग ते काय समजणार?"

"नाही म्हणायचं असतं गं त्यांनी!"

चौरसियाजी, त्यांच्या मिसेस, मुलगा आणि सून. आमचे चारचे आठ झाले. मुलगी ईरा म्हणाली, "बाबा, प्लीज, आता तुम्ही घराबाहेर पडूच नका." पण पोहे आणायला तर हवे होते! (समुद्राला जाताना इंदूरहून पोहे का न्यायचे, असा प्रश्न फक्त बाहेरच्या माणसाला पडतो.) मी सियागंजच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "इत्ता पोहा? घर में शादी है क्या?" आता एखाद्याने आपुलकीने विचारलं तर त्याला काय तोडून बोलायचं? मी समुद्र सांगितला, शांतता सांगितली, केळकरची मावशीसुद्धा सांगितली. तोंड वळवलं तर मागे शेंगदाण्यांच्या पोत्याशी सहस्रबुद्धे काकू उभ्या. आईच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष!

"किती छान रे! आईला समुद्र दाखवतोयस!"

माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. "तुम्ही पण चला की, काकू!"

"हो? थांब, मंडळात विचारते."

मंडळातून नऊ जणी निघाल्या. टाळ आणि ढोलकीसकट.

परके इतके येताहेत आणि सख्ख्या मामाला कळवायचं नाही, हे माझ्या मनाला पटेना. आईचा धाकटा भाऊ गौतमपुऱ्याला असतो, तिथल्या शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून रिटायर झालेला. मी फोन केला. मामा म्हणाला, "एवढी माणसं? मग शिस्त पाहिजे. मी शिट्टी घेऊन येतो." मामा-मामी धरून एकोणीस झाले. दोन गाड्या ठरल्या. केळकरच्या मावशीचा केळकरला फोन गेला, आणि त्यानंतर केळकर माझ्याशी फक्त ई-मेलवर बोलू लागला.

हे सगळं आईला सांगायचं काम मेधाने माझ्यावर टाकलं. मी शेजारी बसून एकेक नाव घेतलं. आईने जपमाळ थांबवली नाही. शेवटी विचारलं, "समुद्र मोठा असतो ना रे?"

"हो, खूप."

"मग मावतील सगळे."

मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी जेवलो नाही. (दुपारचं.) आईने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि तिची मी जत्रा करून ठेवली होती. तिचा तो एक घंटा तिला मिळालाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं आणि कामाला लागलो. 'शांत किनारा' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. 'रोज सायंकाळी पाच ते सहा: संपूर्ण शांतता' असं वेळापत्रक टाकलं. त्याखाली "बहुत बढिया भिया", "जय हो", हात जोडल्याची चित्रं आणि ढोलकी कुठल्या गाडीत ठेवायची यावरची चर्चा, असे पहिल्या तासातच इतके मेसेज आले की माझा फोन गरम झाला.

प्रवासाबद्दल एकच सांगतो. इंदूरच्या माणसाला कचरा टाकता येत नाही. ओला वेगळा, सुका वेगळा हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर एकच डबा पाहून सगळे जागीच थबकले. "इसमें गीला-सूखा सब साथ में?" चौरसियाजींनी अशा आवाजात विचारलं की ढाबेवालाच ओशाळला. कोणी काही टाकलं नाही. संत्र्याची सालं, चहाचे कप, शेवेच्या पिशव्या, सगळं वेगवेगळ्या थैल्यांत भरून आमच्याबरोबर निघालं. नाशिकचा मुक्काम होईस्तोवर तीन थैल्या झाल्या आणि त्या माझ्या पायाशी आल्या, कारण सहलीचा आयोजक मी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. केळकर खोटं बोलला नव्हता. सुरूच्या झाडांमधून बाहेर पडलो आणि समोर नुसती वाळू आणि पाणी. एक माणूस नाही, एक कागद नाही. आई माझा हात धरून चालत होती, ती थांबली.  तिने चपला काढल्या, देवळात शिरताना काढते तशा.

पण घड्याळात पाच वाजत आले होते, आणि माझ्याकडे वेळापत्रक होतं!

"चला, चला, शांतता!" मी ओरडलो. मावशींकडची खुर्ची आणली, आईला बसवलं. ऊन डोळ्यांवर येतंय वाटलं म्हणून खुर्ची फिरवली. मग वारा लागेल म्हणून आणखी फिरवली. तोवर पलीकडून मामाची शिट्टी वाजली. इकडे मंडळाने टाळ काढून भजन सुरू केलं. चौरसियाजी इंदूरला व्हिडिओ कॉल लावून गर्जत होते, "देख भिया! कोई नी है यां पे! कित्ती शांती है!"

"काकू, पाच ते सहा! मामा, शिट्टी नको! चौरसियाजी, धीरे!" मी वाळूतून धावत होतो. मधे मधे आईपाशी येत होतो.

"आई, ही भरती बरं का. म्हणजे चंद्र असतो ना..."

"हो."

"थंडी वाजते? शाल देऊ?"

"नको."

"पाय बुडवतेस? फोटो काढू? आई, इकडे बघ! समुद्र मागे आला पाहिजे!"

एवढ्यात मेधा आली. पोह्यांच्या एकोणीस उष्ट्या प्लेटा तिने थैल्यांत भरल्या होत्या. "हा कचरा आधी कुठे तरी नेऊन द्या. वास येतोय." मी म्हटलं, आत्ता? शांततेच्या वेळी? मी गेलो तर हे सगळं सांभाळणार कोण? मेधा म्हणाली, "बघतो आम्ही."

गावात एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "ओला टाका माडाच्या आळ्यात. सुका शाळेत जमा करतात, खाडीपलीकडे." मी खाडीवरचा साकव ओलांडून शाळेत गेलो. तिथल्या बाई कुलूप लावून निघत होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी सुका कचरा घेतला आणि "कुठून आलात?" एवढंच विचारलं. मी इंदूर म्हणालो. मग इंदूरमध्ये कचऱ्याची गाडी कशी येते, ती कुठलं गाणं वाजवते, आमची ईरा लहानपणी त्या गाण्यावर कशी नाचायची, हे सगळं सांगितलं. बाईंनी कुलूप तीनदा लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं, तेव्हा कुठे माझं आटपलं.

परत आलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. मी कान टवकारले. शिट्टी नाही, टाळ नाही, कॉल नाही. आई खुर्चीत बसलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाळूत ओळीने बाकीचे सतरा जण, सगळे समुद्राकडे तोंड करून गप्प! आईचे डोळे ओले होते आणि चेहरा असा खुललेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"किती शांत होतं रे!" ती म्हणाली. "पूरा एक घंटा. लाटेशिवाय आवाज नाही. तुझ्या बाबांची आठवण काढली, थोडं रडून घेतलं. एकदम बरं वाटलं बघ."

माझी छाती फुगली. "पाहिलंत? वेळापत्रक! सगळ्यांनी पाळलं!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मामा म्हणाला, "वेळापत्रक कुठलं रे? तू इकडून तिकडे धावत होतास, तुला थांबवायला मी शिट्टी वाजवत होतो."

"आणि तुझा आवाज दबावा म्हणून आम्ही भजन धरलं," सहस्रबुद्धे काकू म्हणाल्या.

चौरसियाजींनी मान खाली घातली. "भिया, आप चिल्ला रिये थे, तो उधर वाले को कुछ सुनाई नी दे रिया था. इसलिए मैं भी..."

मी मेधाकडे पाहिलं. ती वाळूत काहीतरी शोधण्यात गुंतली होती. ईरा हसू दाबत होती. आई तेवढी भोळेपणाने म्हणाली, "उद्या सकाळी परत येऊ या ना? आजच्यासारखंच शांत पाहिजे हं."

अठरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मामीने पर्समधून चॉकलेटचा एक कागद काढला आणि नव्या थैलीत टाकला.

चार दिवस आम्ही राहिलो. आई सकाळ-संध्याकाळ समुद्रासमोर बसली, आणि मी सकाळ-संध्याकाळ थैली घेऊन साकव ओलांडला. तिसऱ्या दिवशी मला लांबून येताना पाहून बाईंनी शाळेला सुट्टी दिली.