हेडसरांचा वाघ

शाळेच्या सहलीचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. सहल संपली की बसच्या सीटखालून जशा संत्र्याच्या साली निघतात, तसे तेही आपोआप निघतात. नंदनवन वस्तीतल्या आमच्या छोट्या शाळेत मी दुसरीला शिकवते. दर हिवाळ्यात आमची सहल ठरलेली, शहरातलं छोटंसं झू. "यंदा दुसरीकडे कुठं जाऊ," असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं आणि दरवर्षी हेडसर ते हाणून पाडतात. कारण सरांचं एक काम तिथे अडकलेलं आहे. त्यांना पोरांना वाघ दाखवायचा आहे!

हसू नका. झूमध्ये वाघ खरोखरच आहे. पण आम्ही गेलो की तो मागच्या खोलीत झोपलेला असतो. एका वर्षी कान दिसला. एका वर्षी काहीच नाही. मागच्या वर्षी दारातून शेपटी बाहेर आली, तर सर "पाहा पाहा, वाघ!" म्हणून असे ओरडले की शेपटीही आत गेली.

त्या संध्याकाळी शाळेच्या गेटवर एका आईने पोराला विचारलं, "काय गा, दिसला का वाघ?"

"शेपटी दाखवली. बाकीचा वाघ पुढच्या वर्षी दाखवणार आहे!"

सर मागेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. त्यात आमच्या वर्गातली निम्मी पोरं जंगलाकाठच्या आजोळी गेली की वाघाच्या गोष्टी घेऊन येतात. एक जण तर सरांना तोंडावर म्हणाला, "सर, माझ्या मामाच्या वावरात फुकट येते वाघ!" सर येत्या उन्हाळ्यात रिटायर होताहेत, म्हणजे यंदाची सहल शेवटची. स्टाफरूममध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं, "या पोराईले पुरा वाघ दाखवल्याशिवाय मी काही शाळा सोडत नाही." आम्ही माना डोलावल्या. वाघाला मात्र कोणी कळवलं नाही.

*

घुबडाच्या पिंजऱ्यापाशी मी पोरांना समजावत होते. "घुबड रात्री जागतं आणि दिवसभर झोपतं, म्हणून ते आत्ता डोळे मिटून बसलं आहे."

पिहू नावाची एक चिमुरडी आहे माझ्या वर्गात. तिला सगळ्याचं कारण लागतं. ती म्हणाली, "बाई, तुमाले माहीत होतं?"

"हो गं, माहीत होतं."

"मग आमाले दिवसा काहून आणलं?"

यावर मी त्यांना लगेच मोराकडे नेलं.

*

वैरागडे मॅडम गणित शिकवतात. हुशार बाई, पण फसवलं जाण्याची त्यांना फार भीती. भाजी घेतानासुद्धा वांगं उलटंपालटं करून पाहतील. मगरीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मगर हलेना, डुलेना, पापणीही लववेना.

"खोटी आहे," मॅडमनी निकाल दिला. "सिमेंटची करून ठेवली आहे. चाला पुढं!"

मागच्या रांगेतला यश फार गंभीरपणे म्हणाला, "नाही मॅडम, जित्ती आहे. तुमच्या तासाले आम्ही नाही का असेच बसत?"

मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता यात माझं काय चुकलं? मी नुसती हसले होते!

*

आपल्याकडे डबा उघडला की समोरच्याला "या जेवाले" म्हणायची रीत आहे. समोरचा "घ्या, घ्या, होऊ द्या" म्हणतो आणि दोघंही मोकळे होतात. कोणी खरंच येऊन बसत नाही.

हरणांच्या जाळीजवळ झाडाखाली आम्ही डबे उघडले. यशने पोह्यांचा डबा उघडला, उभा राहिला आणि जाळीसमोर धरून अदबीने म्हणाला, "या जेवाले!"

तिथला राखणदार शिटी वाजवत धावत आला. "ए बाबू! पाटी नाही दिसत का? त्यायले खायले देऊ नको!"

"देऊन नाही राहिलो काका," यश म्हणाला. "फक्त म्हणून राहिलो!"

राखणदार हसला. मग यश वळून त्याच्याकडे डबा करत म्हणाला, "तुमी तरी या!" आणि तो भला माणूस रीत विसरून खरंच येऊन बसला.

*

परतताना बसमध्ये मी हौसेने विचारते, "सर्वांत जास्त काय आवडलं?" उत्तर दरवर्षी एका सुरात येतं, "घसरगुंडी!" झूबाहेरच्या बागेत आहे ती. पण मी विचारायचं काही सोडत नाही.

*

आता यंदाच्या वाघाचं सांगते.

सरांनी मोहीम आखली होती. सकाळी आत शिरल्या शिरल्या पोरांना थेट वाघाकडे नेलं. पिंजरा रिकामा. मग दिवसभर आम्ही कुठेही असलो तरी सर मध्येच गायब व्हायचे आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायचे. मला खरंच वाईट वाटायला लागलं. थट्टा करायचंही मी सोडून दिलं. निघायची वेळ झाली, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तेव्हा सर हळूच म्हणाले, "मॅडम, एक बार अजून पाहून येऊ?" नाही कोण म्हणणार!

पोरं जाळीसमोर ओळीत उभी राहिली. आणि त्या मागच्या दारातून आधी डोकं आलं, मग खांदे आले, मग अख्खा वाघ बाहेर आला. केवढा वाघ!

पोरांनी जी बोंब ठोकली! "वाघ! सर, वाघ! पुरा आहे, पुरा!" वाघ थबकला. त्याने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. सर घाईघाईने पोरांकडे वळले. आता हा आत जातो आणि जन्मभराचं राहून जातं!

आमच्या शाळेत गोंगाट झाला की सर दोन टाळ्या वाजवून एक हुकूम सोडतात. पहिलीच्या पोरांना अक्षरं यायच्या आधी तो हुकूम अंगात मुरतो. त्या घाईत सरांनी टाळ्या वाजवल्या आणि तोंडून तोच निघाला.

"हाताची घडी! तोंडावर बोट! डोळे बंद!"

एका क्षणात सगळं चिडीचूप. एकूणएक पोराचे डोळे घट्ट मिटलेले. खोटं कशाला सांगू, मी आणि वैरागडे मॅडमनीही मिटले. इतक्या वर्षांची सवय!

बाजूला उभ्या कोण्या बाईचा आवाज आला, "अवं माय! पार जाळीपाशी आला वं!" कोणी मोबाइलवर फोटो काढत होतं. एक तान्हं बाळ खिदळलं. मग थोड्या वेळाने ती बाई म्हणाली, "गेला बाप्पा आत."

मी डोळे उघडले तेव्हा पिंजरा रिकामा होता. टाळी वाजवलेले हात सरांनी अजून तसेच धरले होते, आणि तोंड उघडं होतं.

पहिल्या रांगेतून पिहूने ओठांवरचं बोट न काढता विचारलं,

"सर, आता उघडू का?"