समर्थनाची खुर्ची

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच परदेशी कंपन्यांची बाजू घेतली, आणि तीही कानामुळे.

बाबा सरकारी कारखान्यात फोरमन होते आणि तिथल्या युनियनचे सेक्रेटरी. यंत्रांच्या आवाजाने त्यांचा डावा कान पार गेला होता. शेजारच्या काकांची अंबरपेठेत कोल्ड्रिंकची एजन्सी होती. देशाची दारं उघडली तशी एका परदेशी कंपनीची एजन्सीही त्यांना मिळाली आणि काका एकदम ताठ चालायला लागले. दोघंही मूळचे परभणीकडचे, शेतकऱ्यांची मुलं. बरकतपुऱ्यात घराला घर लागून. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर भांडण ठरलेलं.

"देश विकायला काढलाय," बाबा म्हणायचे.

"घ्यावंसं वाटेल असं काही ठेवलंय का तुम्ही लोकांनी?" काका म्हणायचे.

आई चहा आणायची, तेवढ्यापुरती शांतता.

एकदा हे भांडण आमच्या केबलवाल्याने ऐकलं. तो तार ओढायला गच्चीवर चढला होता, तो कामधाम सोडून तिथेच बसून राहिला. त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवर एक खोली, एक कॅमेरा आणि एक व्हीसीआर. रात्री सिनेमा, दिवसा साड्यांच्या सेलच्या जाहिराती. नव्या चॅनलांवर कोट घातलेली माणसं राजकारणावर वाद घालतात हे बघून त्यालाही तसलं काहीतरी हवं होतं.

"साब, येइच झगडा हमारे पास आके करो," तो खाली उतरून म्हणाला. "इतवार को. लाइव्ह."

बाबा "नक्को, नक्को" म्हणाले आणि आत येऊन मला पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायला सांगितली. मी तेव्हा कॉलेजात होते. रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले.

केबलवाल्याने खर्च केला होता. पेंटर बोलावून खुर्च्यांमागची भिंत रंगवून घेतली होती. एका खुर्चीमागे हिरव्या ऑइलपेंटने 'समर्थन', दुसरीमागे लाल रंगात 'विरोध'. बाबा अर्थातच विरोधाखाली बसले, काका समर्थनाखाली. काका काहीतरी म्हणाले. बाबा म्हणाले, "काय?" काका पुन्हा म्हणाले. बाबा पुन्हा, "काय?" काका नेमके डाव्या बाजूला आले होते.

"जागा बदला ना," मी म्हणाले.

बदलल्या. बाबांना स्वच्छ ऐकू यायला लागलं. पण आता त्यांच्या डोक्यावर 'समर्थन' होतं.

"अब क्या करना?" बाबांनी विचारलं.

"दीवार पे जो लिखा है वोइच बोलना, साब," केबलवाला म्हणाला. "पब्लिक पढ़ती ना!" आणि त्याने कॅमेरा सुरू करून टाकला.

मला वाटलं, बाबा उठून चालते होतील. पण समोर कॅमेरा, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. स्टोअरमधून साधा नटबोल्ट काढायचा तर साहेबाची सही लागते, साहेब चहाला गेलेला असतो, तो येईपर्यंत स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो. छत गळतं म्हणून अर्ज दिला तर छताऐवजी बादली मंजूर होते. बाबा वर्षानुवर्षं जेवताना आईला जे सांगत आले होते, ते सगळं त्या खोलीत बाहेर पडलं. "ऐसा कारखाना कोई लेता है तो लेने दो!" टेबलावर मूठ आपटून ते म्हणाले.

काकाही कमी नव्हते. कंपनी बोलते गोड, पण कमिशन कापते. फुटलेल्या बाटल्या एजंटच्या माथी मारते. आणि मुळात त्या पाण्याने घसा बसतो, स्वतःच्या नातवंडांना मी देत नाही, असं त्यांनी खुलेआम सांगितलं.

मग फोन सुरू झाले. पहिल्याने विचारलं, कल की पिक्चर का एंड क्यों काटे? दुसऱ्या बाईंना रविवारच्या साडीसेलचा पत्ता हवा होता. तिसरा फोन आईचा, खालच्याच किराणा दुकानातून. "येताना दही आणा," ती मराठीत म्हणाली.

"आपका सुझाव अच्छा है," बाबा कॅमेऱ्याकडे बघत गंभीरपणे म्हणाले. "हम उस पर विचार करेंगे."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटावर लोकांनी बाबांना "या मालक, या शेठ" म्हणत हार घातला आणि संध्याकाळी युनियनने तातडीची बैठक बोलावून त्यांचं सेक्रेटरीपद काढून घेतलं. तिकडे काकांच्या दुकानात गिऱ्हाइकं भरलेल्या बाटल्या परत घेऊन उभी. "तुमीच बोले ना, घसा बसता?" दुपारी सिकंदराबादहून कंपनीचा टायवाला साहेब येऊन बसला. त्यात केबलवाल्याने कार्यक्रम रोज दुपारी पुन्हा दाखवायला सुरुवात केली, कारण लोक मागत होते.

त्या आठवड्यात ओट्यावर भांडण झालं नाही. दोघं शेजारी बसून नुसते सुस्कारे टाकायचे. शेवटी दोघं मिळून केबलवाल्याकडे गेले आणि खुलासा करायची संधी मागितली.

पुढच्या रविवारी दोघं आपापल्या खऱ्या बाजूला बसले. काका पुन्हा डावीकडे गेले, आणि बाबांना त्यांचं एक अक्षर ऐकू येईना. बाबांनी काकांचं काय म्हणणं असेल ते मनानेच ठरवलं आणि त्याला सडेतोड उत्तरं दिली. काकांनी दोनदा थांबून पाहिलं, हातवारे केले, मग तेही कॅमेऱ्याकडे बघून आपलंच बोलायला लागले. दोघं एकाच वेळी, वाढत्या आवाजात, अर्धा तास.

मला शरमेने मेल्यासारखं झालं. केबलवाल्याच्या डोळ्यांत मात्र आनंदाश्रू होते. "अब हुई ना डिबेट!" तो मला म्हणाला. "पिछली बार तो दोनों समझ के बात कर रहे थे, कैसा तो बी लगा."

लोकांनाही हाच कार्यक्रम जास्त आवडला. युनियनने बाबांना पुन्हा सेक्रेटरी केलं. कंपनीने काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काचीगुड्याच्या इराणी हॉटेलात अनोळखी माणसं उठून बाबांना म्हणायची, "क्या मारे साब आप उनको!" बाबा मानेनेच आभार मानायचे. मारलं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

महिनाभराने मी एकदा विचारलं, "बाबा, दोन्हीतलं तुमचं खरं कुठलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्यांदा बोललो ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बोललो ते मला पटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू अभ्यासाला बस," असं म्हणून ते बाहेर गेले. ओट्यावर काका आले होते. थोड्याच वेळात दोघांचे आवाज चढले. मी कान देऊन ऐकलं, तर वाद मुळा पराठ्यात घालावा की कोशिंबिरीत, यावर चालला होता.