कापलेल्या कडा

वेडीवाकडी कड दिसली की बाइंडरकाकांचे हात शिवशिवायचे. कला महाविद्यालयाच्या तळघरात, पुस्तकबांधणीच्या खोलीत, त्यांनी एकतीस वर्षं शिलाई घातली, सरस लावला, पुठ्ठे चढवले. पण कटिंग मशीनवर तिन्ही बाजू सरळ केल्याशिवाय एकही पुस्तक त्या खोलीबाहेर पडलं नाही. बायको म्हणायची, "माझ्या केसांना हात लावाल तर खबरदार! पट्टी ठेवून कापाल."

विद्यार्थ्यांनी हातानं बनवलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन दरवर्षी भरायचं. उद्‌घाटनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून, घरचं कार्य असल्यासारखे मिरवायचे. यंदा मात्र दालनात पाय ठेवायला जागा नव्हती आणि काका एका खांबाआड अंग चोरून उभे होते.

"तिकडं काय लपलाय?" बायको म्हणाली. "तोंड तर एरंडेल प्यायल्यासारखं झालंय. तीन आठवडे बघतेय मी."

"गर्दी आहे गं."

"गर्दी कधी खुपायला लागली तुम्हाला?"

काकांची नजर समोरच्या टेबलावर होती. तिथं खारूताईचं पुस्तक मांडलं होतं. कुठलाही कागदाचा कपटा उचलून पिशवीत भरायची, म्हणून काकांनीच या मुलीचं नाव खारूताई पाडलं होतं. तिची आई शिवणकाम करायची. लेकीच्या प्रत्येक फ्रॉकच्या मापाचं पेपर कटिंग तिनं जपून ठेवलं होतं आणि दरवेळी कागदाच्या अगदी कडेला पेन्सिलनं काहीबाही लिहिलं होतं. आई गेली. खारूताईनं त्या कागदांचं पुस्तक शिवलं आणि तीन आठवड्यांपूर्वी रात्रभर प्रेसखाली दाबायला काकांकडे दिलं.

पुस्तकाला बांधलेली दोरी काकांनी सोडली. पानं बघतात तो काय, उंदरांनी कुरतडल्यासारखी! लेकराचं काम अर्धवट राहिलंय, आपण पुरं करू, असं म्हणत त्यांनी पुस्तक मशीनखाली सरकवलं. पातं तीनदा खाली आलं. कात्रणं रद्दीच्या पोत्यात गेली, पोतं सकाळच्या गाडीत गेलं. मग झाडताना मशीनखाली चिठ्ठी सापडली. दोरीतून निसटली असणार. ठळक अक्षरात लिहिलं होतं : काका, फक्त दाबून ठेवा. कडा कापू नका.

खारूताई आली, पुस्तक बघून पांढरीफटक पडली. "काका, मी चिठ्ठी ठेवली होती ना?"

"कसली चिठ्ठी?" काकांच्या तोंडून निघून गेलं. चिठ्ठी त्यांच्याच खिशात होती.

"मग राहिलीच असेल," ती म्हणाली. "घाईत होते मी. माझंच चुकलं." वर काकांनाच धीर देऊन गेली.

आता त्या टेबलाशी तिचे बाबा आले होते. चष्मा पुसून पानं उलटत होते, मागे जात होते, पुन्हा पुढे येत होते.

"अगं, तुझ्या सातव्या वर्षाच्या फ्रॉकवर आईनं लिहिलं होतं, खांदे बापावर गेलेत. ते कुठाय?"

खारूताई खाली बघत म्हणाली, "कापलं गेलं, बाबा. सगळ्याच कडा. कापू नका म्हणून लिहून ठेवायचं राहिलं माझ्याकडून."

"राहिलं?" त्यांचा आवाज चिरकला. "तिच्या हातचं एवढंच अक्षर होतं घरात! दोन ओळी खरडायला काय दिवस लागतो?"

"चुकले ना मी."

काका खांबाआडून निघाले ते लोकांना धक्के देतच टेबलाशी पोचले.

"पोरीनं लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले. "चिठ्ठी पडली होती. मी न विचारता कापलं. चिठ्ठी मागाहून सापडली."

खारूताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"बाबांना तोंड कसं दाखवू म्हणून तीन आठवडे हॉस्टेलमधून घरी गेले नाही मी, काका."

काकांना मान वर करता येईना. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो शब्द एवढासा वाटला. बाबांचा अंगठा पानाच्या गुळगुळीत कडेवरून फिरत राहिला.

तेवढ्यात एक पाहुण्या बाई वाकल्या. "अय्या, काय सुबक कडा! कुणाचा हात म्हणायचा हा?"

खारूताईनं काकांकडे पाहिलं.

"माझा," काका म्हणाले. "कापायच्या नव्हत्या."

"बघा, किती विनय!" बाई हसल्या.

"विनय नाही तो," खारूताई म्हणाली. "सांगा त्यांना, काका. पहिल्यापासून सांगा."

हसू ऐकून आणखी चारपाच जण वळले. मागे बायको येऊन उभी राहिली होती. काकांनी घसा खाकरला आणि कडेला काय काय लिहिलेलं होतं, तिथपासून सुरुवात करायला गेले. पण त्यांनी तर त्यातलं काहीच वाचलं नव्हतं.