बैलासाठी कोण रडलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यावर आमच्या घरचे हसतील, कारण माझ्या पोटात काही राहतं असं अमरावतीतल्या आमच्या गल्लीत कुणी मानत नाही. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की मला मधे बसवतात आणि म्हणतात, सांगा काहीतरी. तेरवीतसुद्धा मी लोकांना हसवलं आहे. असा बोलघेवडा माणूस — आणि एक गोष्ट गिळून बसलेला.

गोष्ट तशी लहान. तान्ह्या पोळ्याची. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, खाऊ मिळवतात. त्या संध्याकाळी आमचा बैल अंगणातच राहिला आणि पाऊस सुरू झाला. माझी धाकटी बहीण कुंदा रडायला लागली — बैल भिजते, बैलाले थंडी वाजते. जेवेना, ऐकेना. शेवटी बैल घरात आला, कोरडा झाला, तेव्हा कुठे बाईसाहेब शांत झाल्या. तिचे हुंदके मी असे काही करून दाखवतो की माणसं पोट धरून हसतात. कुंदाही हसते. घरात तिचं नावच पडलं — रडूबाई.

कुंदा अकोल्याला दिली. तिच्या सासूला अर्धांगवायू झाला. त्या म्हातारीचं सगळं अंथरुणावरच, आणि ते कुंदानं वर्षानुवर्षं केलं. सासू गेली. त्याच सुमारास कुंदा शिकवायची ती खासगी शाळा बंद पडली, एकुलती मुलगी लग्न होऊन गेली. आणि मग कुंदा — काय सांगू? — थांबली. केस विंचरेना. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत, आणि ती नुसती समोर उभी. जावयांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला. मी अकोल्याला गेलो, आणि आम्ही तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून आम्हा दोघांना विचारलं — आधी कशा होत्या या? हा बदल आहे, की स्वभाव पहिल्यापासून असा? मधल्या काळात काय काय घडलं? जावई माझ्याकडे पाहायला लागले, कारण लहानपणाचा साक्षीदार मीच. आणि मी काय केलं? बैलाची गोष्ट सांगितली. हुंदक्यांसकट. डॉक्टरही थोडेसे हसले. मला — लाज वाटते लिहायला — बरं वाटलं.

डॉक्टरांनी तरी आजार म्हणूनच औषध लिहून दिलं, पुन्हा यायला सांगितलं. पण बाहेर आल्यावर जावयांनी सुस्कारा सोडला. "मंग स्वभावच हाये म्हना तिचा." काही महिन्यांत गोळ्या बंद झाल्या. स्वभावाला कुठे औषध असतं? असं जावई म्हणाले, तिची नणंद म्हणाली, आणि हळूहळू कुंदाही म्हणायला लागली. म्हातारीचं दुखणं, गेलेली शाळा, रिकामं घर — त्याचं कुणी नावही काढेना.

आता ते सांगतो. इतका वेळ त्याच्याच भोवती फिरतो आहे.

रडलो होतो मी.

मी चौथीत होतो, कुंदा शाळेतही जात नव्हती. मी दाराला धरून हुंदके देत होतो, आणि ती चिमुरडी पावसात गेली, बैल ओढत घरात आणला, आपल्या फ्रॉकनं पुसला, माझ्यापुढे ठेवला. "घे, झाला सुका. आता जेव." अशी होती ती — पहिल्यापासून. पुढे माझ्या साखरपुड्यात होणाऱ्या सासरच्यांपुढे गोष्ट तर रंगवायची होती, पण स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी गोष्टीतली पोरं बदलली, माझं रडणं कुंदाच्या नावावर टाकलं. आई वाढता वाढता थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या पानाकडे वळली. आता आई नाही. म्हणजे खरं माहीत असलेला मी एकटाच.

हल्ली नातवंडांसमोर गोष्ट सुरू केली की तो कोरडा बैल आधी डोळ्यांसमोर येतो, आणि हुंदके — ते मला काढावे लागत नाहीत. लोकांना वाटतं, काय नक्कल करतो!

गेल्या भाऊबीजेला अकोल्याला होतो. ओवाळून झालं, आणि ताट खाली ठेवता ठेवता कुंदा म्हणाली, "भाऊ, मले रडलेलं आठवतच नाही रे. हाताले ओल्या लाकडाचा वास येत होता, तेवढा आठवते. अन् फ्रॉक ओला झालता." तिनं फराळाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "पन रडलीच असन ना मी? पयल्यापासून अशीच ना?"

निरांजन अजून जळत होतं. जावई समोर बसले होते, ऐकत. एक वाक्य पुरलं असतं.

"हाव," मी म्हणालो. "लय रडली होती तू."

तिनं मान डोलावली, आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी ठेवली.