अरुंधती दिसली, साहेब

आमची पोस्ट उत्तरेला, पंधरा हजार फुटांवर होती. मी हवालदार. बावीस जवानांत नगर जिल्ह्यातले आम्ही दोघंच. दुसरा सुदाम, हुद्द्यानं नाईक, पाथर्डीकडचा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून मला अण्णा म्हणायचा.

हिवाळ्यात गस्त पहाटे साडेचारला निघे. टॉर्च लावायला बंदी. निघण्याआधी सुभेदारसाहेब सगळ्यांना सप्तर्षींकडे बघायला लावत. त्या पतंगाच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. "अरुंधती?" साहेब एकेकाला विचारत. ज्याला दिसली, तोच गस्तीच्या पुढे चालणार. डोळ्यांचा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, म्हणून साहेबांनी आकाशातला नेमला होता.

आमच्याकडे लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात. मुहूर्त भर दुपारचा असला तरी गुरुजी बोट वर करून विचारतात आणि दोघं मान हलवतात. दिवसा तारा कुणाच्या बापाला दिसतो? पण नाही म्हणायचं नसतं. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, अशी जुनी समजूत आहे.

डिसेंबरात एके सकाळी चहाच्या वेळी सुदामनं मला बाजूला घेतलं.

"अण्णा, मला ती दिसत न्हाई."

"कवापासून?"

"पंधरा दिस झालं. वसिष्ठ बी फुगल्यावानी दिसतो."

"मग साहेबांना काय सांगतोस?"

"दिसली म्हनतो. लग्नात म्हनलो तसंच."

बर्फाच्या चकाकीनं डोळे अधू होतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी त्याला तडक साहेबांपुढे उभं करायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आधी ते सहा महिने आले. गोळीला न भिणारा मी त्या समजुतीला भ्यालो.

"असलं अभद्र बोलू नगंस," मी म्हणालो. "महिन्याभरात खाली उतरू, मग चष्मा करून घेऊ. तवर गप राहा."

तो गप्प राहिला. मीही मूग गिळून बसलो.

पुढच्या आठवड्यात त्याची पुढे चालायची पाळी आली.

"अरुंधती?"

"दिसली, साहेब."

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. साहेबांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे.

वाटेवर लाल झेंड्या रोवलेल्या होत्या. झेंडीच्या डावीकडे पाय टाकायचा नाही, कारण तिथे वरवर बर्फ आणि खाली घळ. सहा वाजून दहा मिनिटांनी सुदाम एका झेंडीच्या डावीकडे वळला. मी पाठीमागे चौथा होतो.

"सुदाम, उजवीकडं!"

त्यानं वळून पाहिलं. बर्फ खचला आणि तो खाली गेला. मी रेडिओ उचलला.

"एक जवान घळीत. रेस्क्यू पार्टी पाठवा. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

मी रेडिओ मागच्या जवानाच्या हातात दिला. नाव त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुदाम मिळाला. एकोणतीस वर्षांचा होता.

निवृत्तीनंतर मी नगरला, सावेडीत राहायला आलो. गेल्या वर्षी संगमनेरच्या एका कॉलेजात दुर्बिणीतून आकाश दाखवत होते, तिथे गेलो. दुर्बिणीत वसिष्ठच दोन दिसले. तिथले सर म्हणाले, वसिष्ठाचे मिळून चार तारे आहेत आणि अरुंधतीचे दोन. नुसत्या डोळ्यांना ते कुणालाच वेगळे दिसत नाहीत. मला रडू आलं. सरांना वाटलं, नवलानं आलं.

त्याच आठवड्यात मी सुदामच्या गावी गेलो. त्याच्या बायकोला, मंगलला, सगळं सांगितलं. साहेब, तारा, माझं गप्प राहणं, काही लपवून ठेवलं नाही. ती शिव्या देईल म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो.

"मला ठाऊक हुतं, भावजी," ती म्हणाली. "फोनवर बोलले हुते, डोळ्याला कमी दिसतंय म्हनून. म्या म्हनलं, डाक्टरला दाखवा. तर म्हनले, अण्णाच्या कानावर घातलंय, आता काळजी न्हाई."