गांधीबाग ते हुडकेश्वर, चौथा मजला

घर बदलणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी हमखास जमा होतात. कंबरदुखी आणि किस्से! कंबर पंधरा दिवसांत जागेवर येते. किस्से मात्र वाढतच जातात, कारण मदतीला आलेला प्रत्येक जण आपलीच बाजू सांगतो. आमच्याकडे आजही चार माणसं जेवायला बसली की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, त्या दिवशीचं सांग नं!"

तर सांगते.

मी आणि माझा नवरा प्रशांत बारा वर्षं गांधीबागेजवळ भाड्यानं राहिलो. दोन गल्ल्या सोडून माझे बाबा. दिवाळीनंतर हुडकेश्वरला आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. चौथा मजला, लिफ्टसकट! मी सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन लावत होते, तेवढ्यात प्रशांतचा कन्हानचा मित्र विलास म्हणाला, "कंपनी काहून वहिनी? आम्ही मेलो काय? रविवारी सकाळी सात वाजता माही गाडी दारात!"

रविवारी बरोबर सातला गाडी दारात आली. गाडीत चार शेळ्या!

"घाबरू नका वहिनी. ह्या उतरतेत सक्करदऱ्याले. रस्त्यातच हाय."

म्हणजे आमच्या पहिल्या खेपेत देव, पाण्याचा माठ, तुळस आणि चार शेळ्या निघाल्या. मी पुढे विलासच्या बाजूला बसले. शेळ्या सक्करदऱ्याला उतरल्या, आम्ही हुडकेश्वरला पोचलो, आणि मागे जाऊन पाहते तर तुळशीची एक काडी तेवढी उभी!

विलासनं कुंडी हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिली.

"कुंडीले काही झालं नाही वहिनी!"

* * *

ममता माझ्या ऑफिसातली. आमचं काम रेकॉर्ड सांभाळायचं, त्यामुळे तिनं सगळं पॅकिंग ऑफिसच्या शिस्तीत केलं. प्रत्येक खोक्याला नंबर. कोणत्या नंबरात काय, त्याची वहीत यादी. मला तर इतका अभिमान वाटून राहिला होता!

नव्या घरी चहाची वेळ झाली. मी म्हटलं, "ममता, कप कुठे आहेत?"

"वहीत पाहावं लागेल."

"वही कुठे आहे?"

"सतरा नंबरच्या खोक्यात."

"आणि सतरा नंबरचं खोकं?"

ममतानं खोक्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणत्या खोलीत ठेवलं ते वहीत लिहिलं आहे वं!"

तीन दिवस आम्ही वाट्यांमधून चहा प्यायलो.

* * *

आमचा कूलर लोखंडी. दोन माणसांना उचलवत नाही आणि चालू केला की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, असा. प्रशांत म्हणाला, तो भंगारात देऊ. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"बाबा, नव्या घरी एसी आहे," प्रशांत म्हणाला.

"लाइट गेली तं?"

"लाइट गेली तं कूलरही बंदच राहते नं बाबा!"

"राहते. पण कूलरले खिडकी उघडी लागते. एसीवाला माणूस डब्यातल्या पापडासारखा बंद."

कूलर आला. लिफ्टमध्ये मावला नाही. ऐन थंडीत प्रशांत, विलास आणि त्याचे दोन दोस्त तो जिन्यानं चढवून राहिले होते, आणि बाबा मागून सांगत होते, "जाळी सांभाळा, जाळी!"

तिसऱ्या मजल्यावर विलास पायरीवर बसला. कपाळावरून घामाच्या धारा. बाबांकडे पाहून हात जोडले त्यानं.

"काका, ह्याले इथंच चालू करून देता काय थोडा वेळ?"

* * *

आता सोफ्याचं.

कूलर चढवून झाल्यावर सगळे इतके थकले होते की सोफा नेताना मजले मोजायचं राहून गेलं. प्रशांत आणि विलासला जिन्याच्या डाव्या हाताला एक दार उघडं दिसलं. आत शिरले, हॉलमध्ये सोफा टेकवला. आतून एक आजी आल्या. म्हणाल्या, "असा मधात नको. भिंतीले लावून ठेवा." यांना वाटलं, शेजारीण असेल, वैशालीच्या मदतीला आली असेल. लावला भिंतीला. आजींनी पाणी दिलं, वर एकेक लाडू दिला.

हे दोघं वर आले तेव्हा मी विचारलं, "सोफा कुठे आहे?"

"ठेवला नं हॉलमध्ये."

"कोणाच्या?"

आम्ही तिघं धावत खाली गेलो. तिसऱ्या मजल्यावर, अगदी आमच्या घराखालच्या घरात आजी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. उशीवरून हात फिरवत होत्या.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"पोरगा बंगलोरले राहते," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, त्यानंच पाठवला. न सांगता."

आता सोफ्याला हात कोण लावणार? प्रशांत माझ्याकडे पाहून राहिला, मी विलासकडे. विलास सरळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बसा आरामात. आम्हाले काही घाई नाही."

मीही त्यांच्या शेजारी टेकले. पाच मिनिटं झाली असतील. मग त्याच हसल्या आणि उठल्या.

"उचला आता. नाही तं मले सवय होऊन जाईन."

आता रोज चार वाजता त्या वर येतात. दारातूनच ओरडतात, "माह्या सोफ्यावर कोणी बसलं तं नाही नं?"

* * *

दूध उतू घालवायचा मुहूर्त त्याच रविवारी दुपारी होता. आत्या त्यासाठी मुद्दाम उमरेडहून आली होती. गॅसचं कनेक्शन बदलून यायचं होतं, म्हणून प्रशांतनं इंडक्शन शेगडी मांडली. पातेलं ठेवलं. सगळे हात जोडून गोल उभे.

दूध वर आलं. टीं टीं! शेगडी बंद.

पुन्हा लावली. दूध काठाशी आलं. टीं टीं!

तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा आत्यानं पदर खोचला.

"अवं, मुहूर्त चालला! माह्या सुनेले बोलवा कोणीतरी. ते फोनवर बोलत नुसती उभी राहिली तरी दूध उतू जाते!"

शेवटी आम्ही पातेलं उचललं, वरात काढल्यासारखे खाली आजींकडे गेलो आणि त्यांच्या गॅसवर दूध उतू घालवलं. आजींचा ओटा पुसता पुसता ममता म्हणाली, "पण मग गृहप्रवेश झाला कोणाचा?"

* * *

आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं की एकच उत्तर, "पोरीच्या घरी राहत नसतेत." नव्या घरी आले तेही एका पिशवीत एक जोडी कपडे घेऊन. "दोन दिवस पाहुणा म्हणून राहतो."

आमच्या गेटवर रजिस्टर आहे. बाहेरच्या माणसानं नाव, फ्लॅट नंबर आणि कुठून आले ते लिहायचं. बाबा सकाळी फिरायला जात. परत आले की चौकीदार रजिस्टर पुढे करी. मी त्याला म्हटलं, "अहो, हे माझे बाबा आहेत!" पण बाबांनीच मला थांबवलं.

"लिहू दे वं. मी पाहुणाच हावो."

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ. बाबांनी पिशवी उचलली नाही. प्रशांतनं मला बजावून ठेवलं होतं, "एक शब्द विचारू नको."

नवव्या दिवशी ऑफिसातून येताना मी गेटवर थांबले. एक कुरिअर कधी येऊन गेलं ते पाहायचं होतं. रजिस्टरची पानं उलटता उलटता बाबांचं अक्षर दिसलं. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं बिलं लिहून घोटलेलं, गोल, सुटं सुटं अक्षर. फ्लॅट ४०४, कुठून आले: गांधीबाग. दुसऱ्या दिवशी, गांधीबाग. तिसऱ्या दिवशी, गांधीबाग. रोज फिरून यायचे कोपऱ्यावरच्या मैदानातून, आणि लिहायचे गांधीबाग! आठही दिवस तेच.

मी पान उलटलं. त्याच दिवशीच्या सकाळची नोंद. तेच अक्षर, तोच फ्लॅट.

कुठून आले: भाजीबाजारातून.